कापणीच्या सणाचा भोपळा

प्रवचनाचा मंडळीवर परिणाम झाला, असं माझ्या उभ्या आयुष्यात एकदाच घडलं. प्रवचन माझ्या लेकीचं होतं. तो परिणाम आम्ही अजून निस्तरतोय.

एरवी आमच्या मंडळीवर परिणाम करून दाखवणं म्हणजे खायचं काम नाही. नाशकातलं आमचं देऊळ काही फार मोठं नाही. हो, देऊळच. आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळ म्हणतो. सातपूरचे कामगार, ओझरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, शाळामास्तर आणि माझ्यासारख्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरा. सगळी मिळून एक एसटी भरेल आणि थोडी दांड्याला धरून उभी राहतील. पण एवढ्याशा मंडळीत तट दोन. एका तटाचा पुढारी काँट्रॅक्टर, दुसऱ्याचा रिटायर्ड साहेब. भांडण कशावरून सुरू झालं ते आता त्या दोघांनाही आठवत नसेल. शत्रूवर प्रेम करण्याबद्दल दरवर्षी प्रवचन होतं आणि दोघंही डोळे मिटून, मान डोलवून ऐकतात. प्रत्येकाला वाटतं, हे त्या दुसऱ्याला चाललंय. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसले हे दोन घडे पहिल्या बाकाच्या दोन टोकांना बसतात.

अशा मंडळीकडे सेमिनरी, म्हणजे पाळक, लोक ज्याला पाद्री म्हणतात तो, तयार करायचं कॉलेज, दरवर्षी एखादा विद्यार्थी पाठवायची. 'प्रत्यक्ष अनुभव' असं त्या प्रकाराचं नाव. अनुभव त्याला, भोगायचं आम्ही. शाळेत चिरायला बेडूक आणायचे, तसे आम्ही. एकाने बाकं गोल मांडली, का तर देवापुढे सगळे सारखे. काँट्रॅक्टर आणि साहेब नेमके समोरासमोर आले, आणि एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून दोघं सबंध उपासनाभर छताकडे बघत बसले. दुसऱ्याने गिटार आणलं. तिसऱ्याने प्रवचन झाल्यावर मंडळीला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं?" अगं बाई! आम्हाला काय वाटतं ते आम्ही चहाच्या वेळी, पाळकाच्या माघारी बोलतो. तोंडावर विचारायची ही कुठली रीत? वर्ष संपलं की विद्यार्थी जायचा आणि आम्ही बाकं परत सरळ करून घ्यायचो.

एकदा सेमिनरीने कळवलं की, पाळकाकडून मंडळीच्या काय अपेक्षा आहेत ते सांगा. कमिटी बसली. दोन्ही तटांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गळा बरा असावा, प्रवचन लांबवू नये, मोटारसायकल चालवता यावी आणि मातीला वेळेवर यावं. मातीला म्हणजे माणूस गेलं की पुरायला. यावर सेमिनरीने म्हणे दिवसभराचं चर्चासत्र घेतलं. विषय, 'मंडळीचं अंतरंग'. आमच्यातल्या एकालाही बोलावलं नव्हतं. बेडकाला कोण बोलावतं?

सेमिनरी आणि मंडळी, या दोघांच्या कचाट्यात माझी लेक स्वतःहून जाऊन सापडली. बी.कॉम. झाली, बँकेच्या परीक्षा द्यायच्या सोडून एक दिवस जेवताना म्हणाली, "आई, मला पाळक व्हायचंय." ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. आमच्याकडे बाईला देवळाच्या बंगल्यात राहायचं असेल तर सोपा रस्ता आहे. पाळकाशी लग्न करायचं. मग ती पाळकीणबाई, रविवारशाळा तिची, नाताळचा केक तिचा, आणि लोकांची बोलणीही तिचीच. स्वतः पाळक व्हायचं म्हणजे काय? पण कमिटीने खुशीने होकार दिला. काँट्रॅक्टरने तर भाषण ठोकलं, "आमची मंडळी पुढारलेली आहे." तिला शिकायला पाठवायला कुणाचीच ना नव्हती. शिकून आल्यावर ती खरंच पाळक होईल, हे तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तिची फी मंडळीने भरली, आणि ती यायची कापणीच्या सणातून. नाताळ सोडला तर हा आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा सण. ज्याचं जे पीक, ते त्याने वेदीपुढे आणून ठेवायचं. ओझरकडची माणसं द्राक्षांच्या पेट्या आणतात, वणीकडची टोमॅटो. सातपूरला वर्कशॉप असलेला एक जण दरसाल डबाभर नटबोल्ट आणून ठेवतो, आणि बरोबरच आहे, त्याचं तेच पीक. कोंबड्या असतात, अंडी असतात, घरचं लोणचं असतं. उपासना झाली की तिथल्या तिथे या सगळ्याचा लिलाव. पुकारणारे काका बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारून म्हातारे झालेले. त्यांचं 'एक वाऽर, दोन वाऽर' सुरू झालं की माणसाच्या अंगात येतं. काँट्रॅक्टर बोली लावतो म्हणून साहेब लावतो, साहेब थांबत नाही म्हणून काँट्रॅक्टर चढतो. एका जुडीच्या मेथीला असा भाव मी त्या देवळाबाहेर कुठे बघितला नाही. आणि त्यातून आमच्या सेमिनरीतल्या मुलांचं शिक्षण. देव कशातून काय करून घेईल, सांगता येत नाही.

लिलावात पहिला मान भोपळ्याचा. सातपूरच्या वस्तीत राहणाऱ्या एक आजी आहेत. घर एका खोलीचं, अंगण नाही, म्हणून वेल पत्र्यावर चढवलेला. त्याचा सगळ्यात मोठा भोपळा त्या वर्षभर राखायच्या आणि सणाला बसने, मांडीवर घेऊन यायच्या. तो भोपळा जो घेईल त्याचा आजी हात धरून सगळ्यांसमोर म्हणायच्या, "देवानं तुझं भलं करावं." एवढ्यासाठी त्या वर्षभर त्या पत्र्यावर पाणी चढवायच्या.

तर लेक शिकून आली. पहिले पंधरा दिवस तिचं बोलणं मलाही कळेना. साधी आमटी वाढताना 'संदर्भ' यायचा. परिघावरची माणसं, रचनात्मक अन्याय, काय नि काय. ह्यांनी विचारलं, "सेमिनरीत मातीला काय बोलायचं ते शिकवतात का गं?" म्हणाली, "मृत्यूचं ईश्वरविज्ञान आहे ना, दोन सत्रं." पण ती घोकंपट्टी हळूहळू गळाली. आमचे पाळक रिटायर झाले होते, म्हणून तिला मंडळीत सहा महिने परीक्षेवर ठेवलं होतं आणि पोरीने जीव ओतला. स्कूटी घेऊन घरोघर फिरली. गळा बरा. प्रवचन आटोपशीर. मातीला सगळ्यांच्या आधी हजर. एकदा तर काँट्रॅक्टरच्या सासूच्या मातीला काँट्रॅक्टरच्या आधी. कमिटीला तिच्यात नाव ठेवायला जागा सापडेना, आणि त्यामुळे कमिटी बेचैन.

ठरलं असं, की कापणीच्या सणाचं प्रवचन तिने करायचं आणि पुढच्या रविवारी मंडळीने हात वर करून कौल द्यायचा. हात वर गेले की ती आमच्या देवळाची पाळक, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. नाही गेले, तर नाशकात तिला जागा नव्हती. मला ती इथे हवी होती. उगाच आध्यात्मिक कारणं कशाला सांगू? एकुलती एक लेक, डोळ्यांसमोर हवी होती.

आदल्या दिवशी दुपारी ती ओट्याशेजारी बसून प्रवचन लिहीत होती. मी म्हटलं, "बाळा, कृतज्ञतेवर बोल. पाऊस, पीक, देवाची दया. लोक खूश, लिलाव खूश, पुढच्या रविवारचे हात खूश."

"आई, उद्या सेमिनरीचे सर येणार आहेत, या सहा महिन्यांचे मार्क द्यायला. सर म्हणतात, प्रवचनाला धार पाहिजे."

"सर संध्याकाळच्या गाडीने जाणार. धारेखाली राहायचं तुला आहे."

तिने पेन खाली ठेवलं. "तू वॉर्डात असताना डॉक्टर चुकीचं इंजेक्शन द्यायला लागला, तर गप्प बसायचीस?"

"नाही. पण पेशंटसमोर नाही बोलायचे."

ती हसली आणि परत लिहायला लागली.

रविवारी देऊळ फुलून गेलं होतं. वेदीपुढे द्राक्षं, टोमॅटो, नटबोल्ट, पायाला सुतळी बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि मधोमध आजींचा भोपळा, तांबडाबुंद, पुसून चकचकीत केलेला. लेक उभी राहिली, शास्त्रपाठ उघडला आणि वाचला. कुठला? प्रभूने मंदिरात शिरून बाजार मांडणाऱ्यांचे चौरंग पालथे केले आणि कबुतरं विकणाऱ्यांना हाकलून दिलं, तो! शास्त्रात एवढी पानं, आणि कापणीच्या सणाला पोरीला तेच सापडलं. मागे कोंबडी ओरडली. ह्यांनी माझा हात घट्ट धरला.

बोलली मात्र फर्डं. म्हणाली, "इथे बोली भाजीला लागत नाही, नाकाला लागते. पीक देवाला म्हणून आणायचं आणि मोठेपणा आपल्या घरी न्यायचा." पहिल्या बाकाच्या दोन्ही टोकांना घडे सुलटे व्हायला लागले. मी मनात म्हटलं, थांब बाई आता, इथेच आमेन म्हण. पण सेमिनरीत सुरू कसं करायचं ते शिकवतात, थांबायचं कुठे ते नाही. ती म्हणाली, "एक आई पत्र्यावर भोपळा पिकवते, बसने घेऊन येते, आणि आपण त्या भोपळ्याचा तमाशा करतो."

आमेन झालं. सवयीने काका उठले, भोपळ्यावर हात ठेवला आणि पुकारलं, "बोला मंडळी, पहिला मान!"

कुणी बोली लावली नाही.

काँट्रॅक्टर हाताची घडी घालून बसला. साहेब हाताची घडी घालून बसला. आमच्या मंडळीच्या इतिहासात प्रवचन जसंच्या तसं पाळलं गेलं ते त्या दिवशी, आणि निव्वळ रागापोटी! काकांनी परत पुकारलं. कांद्याचा भाव मातीमोल झालेला त्यांनी पाहिला होता, पण बोलीच नाही असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. माझ्या मागच्या बाकावर तिचे सर वहीत भराभर काहीतरी लिहीत होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, "संदेश थेट पोचला, ताई! असा प्रतिसाद मी कधी पाहिला नाही."

"मीही नाही," मी म्हटलं.

तेवढ्यात लेक वेदीवरून खाली आली. "मी घेते भोपळा," म्हणाली.

काँट्रॅक्टर बसल्या जागेवरून म्हणाला, "देवळात बाजार नको ना, ताई? आणि एक विचारतो, रागावू नका. तुमची फी कुठल्या बाजारातून गेली?"

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. माझी उलट्या जिभेची पोर, घरात मला एक वाक्य पुरं करू देत नाही, ती गप्प उभी. मी उठलेच होते, त्या काँट्रॅक्टरच्या सात पिढ्यांची धुणी तिथेच धुतली असती, पण ह्यांनी पदर ओढून खाली बसवलं.

आणि मग आजी उठल्या. वेदीपर्यंत चालत गेल्या, भोपळा उचलून काखेत घेतला आणि लेकीला म्हणाल्या, "म्या देवाला आणला व्हता, पोरी. ह्यात तमाशा कुठं आला?" ओरडल्या नाहीत. तशाच दारातून बाहेर पडल्या. हे मागे धावले, गाडीवर सोडतो म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि भोपळा मांडीवर घेऊन बसने परत गेल्या.

लेक बोलली त्यातलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. आजही मी ते कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण ज्यांना लागायला हवं होतं त्यांनी हाताची घडी घातली, आणि लागलं ते म्हातारीला. इंजेक्शन बरोबर होतं, पेशंट चुकला. घरी येऊन मी हे तिला सांगणार होते, पण ती मोरीत तोंडावर पाणी मारत बसली होती आणि नळ बंद करायचं नाव घेईना.

त्या आठवड्यात ती आजींकडे दोनदा जाऊन आली. त्यांनी चहा दिला, बोलल्या नाहीत.

पुढच्या रविवारी कौल झाला. कमिटीचा सेक्रेटरी, मिठ्ठास बोलणारा माणूस, दोन्ही तटांना चालणारा, उठून म्हणाला, "आमचा विरोध मुलीला नाही, पद्धतीला आहे. ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावा." दोन हात वर गेले. एक माझा, एक ह्यांचा. जिच्या घरी लेकीने स्कूटीवरून औषधाचा डबा पोचवला होता तिने मान खाली घातली, जिच्या पोराच्या बारशाला लेक आजारी असतानाही गेली होती तिने खिडकीबाहेर बघितलं. कमिटीला सहा महिने जे कारण सापडत नव्हतं ते लेकीने आयतं ताटात वाढलं होतं, आणि खरं सांगते, मला त्या लोकांचा इतका संताप आला की प्रार्थनेला डोळे मिटवेनात.

सरांनी तिला सगळ्यात जास्त मार्क दिले. ते प्रवचन म्हणे आता वर्गात नमुना म्हणून वाचतात. वर्षभरात सेमिनरीने तिला शिकवायलाच ठेवून घेतलं. कोणता विषय दिला असेल? 'स्थानिक मंडळी'! जिला एक मंडळी मिळाली नाही ती आता पोरांना मंडळी कशी सांभाळायची ते शिकवते. हे म्हणाले, "पिकतं तिथं विकत नाही," आणि बराच वेळ पेपर उलटा धरून बसले.

इकडे पुढारलेल्या मंडळीला पाळक मिळेना. महिन्यातून एकदा बाहेरगावचा पाळक यायचा, चहा व्हायच्या आत निघायचा. एकदा मातीला त्याची वाट बघत पेटी दारात ठेवून सगळे उन्हात उभे होते. अशा वेळी लोकांना लेकीच्या स्कूटीची आठवण यायची. एक बाई मला म्हणाली, "तुमची मुलगी असती तर..." मी म्हटलं, "हो ना. कुणी बरं नको म्हटलं तिला?" आजींनी सणाला भोपळा आणणं बंद केलं होतं. स्वतः यायच्या, रिकाम्या हाताने, मागे बसायच्या.

शेवटी कमिटीने पुन्हा सेमिनरीकडे तोंड वेंगाडलं, आणि गेल्या वर्षी एक मुलगा आला. सुरगाण्याकडचा, काळासावळा, हसरा. माझ्या लेकीचा विद्यार्थी. पहिल्याच दिवशी माझ्या पाया पडायला आला, तर मी नीट बोललेसुद्धा नाही त्याच्याशी. पण मुलगा गुणी. गळा बरा, मोटारसायकल आहे. सेक्रेटरीने त्याला आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं, सणाला कृतज्ञतेवर बोला. तो कृतज्ञतेवर बोलला. पाऊस, पीक, देवाची दया. पहिल्या बाकावर दोन्ही घडे मान डोलवत होते.

आणि वेदीपुढे भोपळा होता. आजींचा. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे माझ्याकडे. नंतर चहाच्या वेळी मी त्या मुलाला विचारलं, कसा काय आणलास रे? म्हणाला, "मॅडमनी सांगितलं होतं. आधी आजींच्या घरी जा. वेलाला पाणी घालत जा, काही बोलू नको. सणाच्या दिवशी गाडीवर त्यांना आणि भोपळ्याला, दोघांना घेऊन ये." भोपळा काँट्रॅक्टरने घेतला, साहेबाला घाम फोडून. आजींनी त्याचा हात धरला आणि म्हणाल्या, "देवानं तुझं भलं करावं." काका बाहेर येऊन डोळे पुसत होते.

पुढच्या रविवारी त्या मुलाचा कौल. शनिवारी लेकीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाली, "आई, उद्या हात वर कर हं."

"मी? त्या लोकांच्या पंगतीत? जीव गेला तरी नाही."

"त्याने काय केलंय तुझं? चांगला मुलगा आहे. आणि मातीला माणूस उन्हात ठेवू नये, आई."

"तुला काहीच वाटत नाही का गं?"

"वर कर," म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी सेक्रेटरीने तेच शब्द त्याच मिठ्ठास आवाजात म्हटले. देऊळभर हात वर गेले. माझ्या शेजारी आजी होत्या, त्यांचा सगळ्यांत आधी. मग माझा गेला. खांद्यापासून दुखत होता, पण गेला. सेक्रेटरी बाकांमधून मोजत आला, मोजून पुढे गेला, सगळ्यांनी हात खाली घेतले. माझा वरच राहिला होता. तो परत फिरला, वाकून हळूच म्हणाला, "सिस्टर, झालं मोजून, घ्या खाली. बरं वाटलं हो. तुमच्याही मनात आता काही राहिलं नाही."

"सगळं राहिलंय, सेक्रेटरी," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "हा हात माझा नाही. हा तिने वर करायला सांगितला म्हणून वर आहे."